मदत हवी आहे: चौथ्या ग्लासानंतर सगळ्या वाइन सारख्याच लागतात

घाईत_माई: उद्या सकाळी द्राक्षबाग बघायला चाललोय, मग वाइनरी आणि टेस्टिंग. सहा वाइन आहेत. मागच्या वेळी तिसरीपर्यंत ठीक होतं, चौथीपासून सगळ्या एकच लागायला लागल्या. माहिती देणारा मुलगा 'चेरी, चामडं, धूर' म्हणत होता आणि मी नुसती मान डोलावत होते. जाणकारांनी लवकर प्रकाश टाकावा. 'गूगल करा' नको, करून झालंय.

निवांत: कुठल्या वाइन? कुठल्या क्रमाने? एकेका ग्लासात किती?

घाईत_माई: लाल-पांढऱ्या दोन्ही. आधी लाल मागवल्या, मला त्याच आवडतात. तळाशी थोडीशीच ओततात हो.

जुना_खुंट: तिथेच घोटाळा. लाल वाइन सालं-बियांसकट आंबवतात, त्यातून टॅनिन उतरतं. पांढरीत रस बहुधा आधीच वेगळा काढलेला असतो. टॅनिनने तोंड तुरट झाल्यावर नाजूक पांढरी काय कळणार, कप्पाळ? आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, गोड शेवटी.

आकडेमोड: क्रमाचं एवढं स्तोम कशाला? मी लालनंतर पांढरी घेतो, मध्ये पाणी पितो, काही बिघडत नाही. 'थोडीशी' म्हणजे किती ते बोला. ५० मिली धरली तरी सहाची ३०० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतले पाचात दोन भाग. १३ टक्क्यांनी ३९ मिली शुद्ध अल्कोहोल. सगळी प्यालात का?

घाईत_माई: अर्थात! पैसे भरलेत, टाकून कशी देणार?

आकडेमोड: मग चव गेली नाही, तुम्ही गेलात. 😀 घोट तोंडात फिरवा आणि थुंका. भांडं तिथे असतंच, दिसलं नाही तर मागा. चाखणं हेच काम असलेले लोक दिवसभर हेच करतात.

सुगंधा: वाइन टिकायला सल्फाइट घालतात ना, त्याने डोकं दुखतं, म्हणून मी लाल सोडली.

जुना_खुंट: माईंनी डोकेदुखीचं विचारलेलंच नाही. आणि सल्फाइट सहसा पांढरीत जास्त असतं, लालमध्ये कमी.

सुगंधा: माझं डोकं, मला कळतं ना.

निवांत: माई, उपाशीपोटी गेला होतात का? अत्तर लावून? चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम. आधी हुंगा, मग ग्लास गोल फिरवून परत हुंगा. चेरी सापडलीच पाहिजे असं नाही. मला एकदा आजोबांच्या कपाटाचा वास आला होता, तेच सांगितलं. तो मुलगा खूश झाला.

घाईत_माई: उपाशीच होते. अत्तरही होतं. 🙈

बागवाली: अवांतर: ओळींच्या टोकाला गुलाब असले तर बघाच. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आधी गुलाबावर दिसते, म्हणून लावतात.

जुना_खुंट: गुलाबाची भुरी निराळी, द्राक्षाची निराळी. बुरशीच वेगळी. एकीची लागण दुसऱ्यावर होत नाही.

बागवाली: लागण होते असं म्हटलंय कोण? हवा दोघींना सारखीच मानवते, एवढंच.

जुना_खुंट: मग वेलीचं पान उलटसुलट करून बघावं, गुलाब कशाला? बघायचंच तर बुंध्याजवळची कलमाची गाठ बघा. १९व्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपातल्या बागा खलास केल्या, तेव्हापासून ती कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर (मुळांकडच्या भागावर) कलम करू लागले.

घाईत_माई: अहो, माझे सहा ग्लास!

आकडेमोड: एक राहिलंच. गाडी कोण चालवणार?

घाईत_माई: मीच. का?

आकडेमोड: हे आधी सांगायचं ना! थुंकूनही थोडी अंगात जातेच. दुसरा ड्रायव्हर बघा, नाहीतर नुसती बाग फिरून या.

घाईत_माई: बहिणीला फोन केला. ती घेत नाही, येते म्हणाली. आधी पांढऱ्या, मग लाल, जेवून, अत्तर नाही, भांडं मागणार. झोपते आता.

बागवाली: बहीण घेत नाही ना? मग तिला गुलाब दाखवा.