गृहशास्त्राच्या बाई निवृत्त होतायत. तुमच्या बाई आठवतात का?

चकलीचा_सोऱ्या
शाळेच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला, आमच्या गृहशास्त्राच्या बाई या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. मी तेव्हा लेकाच्या जाड कोटाला बटण लावत होते. बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घ्यायचे, मग काडी काढून बटणाच्या मानेला दोऱ्याचे वेढे द्यायचे. लेक विचारतो, यूट्यूबवर बघितलंस का? म्हटलं नाही रे बाबा, मिरजेला शिकले.

बाई कडक. नमुन्याचं कापड हातात दिलं की आधी उलटं करून बघायच्या. "सुलट बाजू लोकांसाठी, उलटी माझ्यासाठी." मागे गाठींचं जंगल दिसलं की उसवा! दोरा हातभरच घ्यायचा, लांब दोरा आळशाचा. आजही हातभरच घेते. तुमच्याही अशा कुणी बाई असतील तर लिहा ना.

रेवा_७
धावदोरा, टीप, साखळी टाका, काजाचा टाका... पॉपलीनचे चौकोन जर्नलमध्ये डिंकाने चिकटवलेले. आईने टाकून दिलं माळा साफ करताना. अजून राग आहे.

बाबूराव_बिनसाखरेचे
आम्हा मुलांना गृहशास्त्र नव्हतं. आम्ही त्या तासाला मैदानात दगड वेचायचो, त्याला शेतकाम म्हणत. खिडकीतून शिऱ्याचा वास यायचा. हा अन्याय कुठेच नोंदलेला नाही.

रेवा_७
@बाबूराव शिरा आम्हालाही चमचाभरच मिळायचा, बाकी स्टाफरूममध्ये 😄

नदीकाठची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय.
२०१९ च्या पुरात आम्ही सांगलीहून नातेवाइकांबरोबर एका मंगल कार्यालयात जाऊन राहिलो होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लहान पोरांना जुलाब सुरू झाले. जलसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं यायला वेळ होता. मला बाईंचा फळा जसाच्या तसा दिसला. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. "सपाट" खाली दोन रेघा. बाई सांगायच्या, मीठ जास्त झालं तर पोराला अपाय, अंदाजपंचे करायचं नाही. तिथे चमचा सुरीच्या पाठीने सपाट करत बसले तर एक काकू म्हणाल्या, काय परीक्षा आहे का! वाटीतून एकेक चमचा असं हळूहळू पाजलं. दोन दिवसांनी आरोग्यवाले आले, त्यांनीही तेच प्रमाण सांगितलं.
बाईंना हे कधी सांगितलंच नाही. शिट्ट्या झाल्या, पळते.

चकलीचा_सोऱ्या
@नदीकाठची अगं मग निरोप समारंभाला ये ना. हे तूच सांग त्यांना. तुझी बॅच कुठली?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्याच्या मॅडम डाळीत सोडा टाकू देत नव्हत्या. ब-१ जीवनसत्त्व जाते म्हणत. सासरी आली तर सासूबाई चिमूट नाही, चमचा टाकत. पाच वर्षं गप्प बसली, मग डबाच लपवला. आता डाळ आदल्या रात्री भिजवतो आम्ही. पोह्यावर लिंबू पिळायचंही त्यांचंच, लोह अंगी लागते म्हणून, अन् जेवणावर लगेच चहा नाही. हे मात्र घरात कोणीच ऐकत नाही, मी पण नाही 🙈

शुद्धतुपातला
छोले सोड्याशिवाय मऊ होत नाहीत. अनुभव आहे.

वऱ्हाडी_ठेचा
भिजवा ना भाऊ रात्रभर. हॉटेलवाल्याला घाई असते, तुम्हाला कशाची?

शुद्धतुपातला
मलाही घाईच असते.

जुहूची_माजी
मी पुढे जुहूला एसव्हीटीत होम सायन्सच केलं, एसएनडीटीचं कॉलेज. लग्नाच्या बाजारात विचारायचे, "म्हणजे चार वर्षं पोळ्या लाटायला शिकलात?" आम्ही केमिस्ट्रीने जेरीस आलेलो. पोषण, वस्त्रशास्त्र, बालविकास, घराचं व्यवस्थापन, विस्तारकार्य, एवढा पसारा. पण त्या वाटेला लावलं शाळेतल्या बाईंनी. वडील म्हणाले होते, हा काय विषय आहे? बाई घरी आल्या, चहा घेतला, वडिलांच्या सदऱ्यावरचा गंजाचा डाग लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवायला सांगितला आणि मग लिंबातलं सायट्रिक आम्ल काय असतं यावर अर्धा तास बोलल्या. वडील गार. फॉर्म भरला.

बडोदेकर
अवांतर आहे, पण बडोद्याच्या विद्यापीठात होम सायन्सची फॅकल्टी हंसाबेन मेहता कुलगुरू असताना सुरू झाली. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" बदलून "सर्व मानव" करायला लावणाऱ्या त्याच. आमची आत्या तिथली. तिच्यासमोर होम सायन्सला कमी लेखायची कुणाची टाप नव्हती.

बाबूराव_बिनसाखरेचे
हंसाबेन आमच्या शाळेत असत्या तर मला शिरा मिळाला असता.

रेवा_७
बाबूराव तुम्ही शिऱ्यातून बाहेर या 😂
बाईंना भेट काय देताय? आमच्या बॅचने साडी ठरवली होती.

चकलीचा_सोऱ्या
सिल्क म्हणून दिली आणि बाईंनी पदरातलं सूत काढून जाळलं तर? आठवतं ना प्रात्यक्षिक: सुती जळलं की कागदाचा वास, रेशीम जळलं की केसांचा, आणि नायलॉन वितळून टोकाला कडक मणी. दुकानदाराच्या तोंडावर काडी ओढणारी बाई आहे ती. रोख पाकीटच बरं.

कोकमआगळ
उशिरा आले. आमच्या बाईंनी फळं टिकवायचं शिकवलं त्यावर माझा धंदा उभा आहे. लहानसाच, पण आहे. आंब्याच्या, लिंबाच्या स्क्वॅशला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालतं, पण कोकम-जांभळाला घातलं की रंग उडतो, तिथे सोडियम बेंझोएट. हे त्यांनी एकाच पेल्यात दोन थेंब टाकून दाखवलं होतं, जांभळाचा रस डोळ्यांदेखत फिका. वर्गात ओऽऽ झालं होतं. मे महिन्यात अजून फोन करते त्यांना. "बाटल्या उकळल्यास का?" हाच पहिला प्रश्न. माझी तब्येत नंतर.

वऱ्हाडी_ठेचा
कोकमताई, घरच्यापुरतं करायचं तर बेंझोएट लागतेच का?

कोकमआगळ
नाही हो. साखर भरपूर घाला, फ्रीजमध्ये ठेवा आणि पंधरवड्यात संपवा. ओला चमचा घालू नका बाटलीत.

शुद्धतुपातला
साखर भरपूर म्हणजे किती?

कोकमआगळ
रात्री लिहिते. दारात टेम्पो आलाय.