देवराईतल्या ओंडक्यावरची दातेरी अळंबी: ओळख आणि जतन

प्रश्न (सावंतवाडी तालुका)
नमस्कार. आमच्या देवराईत आडव्या पडलेल्या एका जुन्या ऐनाच्या पोकळीतून पांढरीशुभ्र अळंबी बाहेर आली आहे. तिला छत्री नाही की पाती नाहीत. प्रवाळासारख्या फांद्या फुटून प्रत्येक फांदीच्या खालच्या कडेने मऊ काटे ओळीने लोंबतात. गावातल्या जाणत्यांनीही अशी अळंबी पूर्वी पाहिलेली नाही. देवळाच्या दुरुस्तीसाठी हा ओंडका उचलण्याचे घाटत आहे. तिची ओळख कशी पटवावी आणि ती राखावी कशी?

उत्तर १
वर्णन हेरिशियम प्रजातीशी, त्यातही हेरिशियम कोरॅलॉइडिसशी जुळते; मात्र ही जाती मुख्यतः समशीतोष्ण जंगलांत बीचसारख्या झाडांवर वाढते, त्यामुळे कोकणात नुसत्या छायाचित्रावरून तिचे नाव घेणे मला योग्य वाटत नाही. इर्पेक्स आणि स्टेकेरिनम यांनाही दाते असतात, पण त्या बहुधा लाकडाला चिकटून पसरतात, चिवट असतात आणि त्यांचे दाते आखूड असतात. हिड्नम जमिनीवर उगवते व तिला देठ असतो. एक लहान फांदी काटे खाली करून काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. हेरिशियमच्या काट्यांवरून गळलेल्या बीजाणूंचा, म्हणजे बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा पांढरा उमटतो आणि हे बीजाणू आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात निळे-काळे होतात. ताजेपणीचा पांढरा रंग जून होताना पिवळट पडतो, म्हणून छायाचित्रावर तारीख हवीच. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत सडतो. तो मंद उष्णतेवर वाळवून कागदी पाकिटात ठेवावा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे विचारणा करावी, कारण तिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. नाव निश्चित होईपर्यंत कोणीही ती खाऊ नये.

प्रश्नकर्ता
फांदी तोडल्याने बुरशी मरणार तर नाही ना?

उत्तर २
नाही. बुरशीचे तंतू लाकडाच्या आत असतात आणि वर दिसते ते केवळ तिचे फळ. एक फांदी घेतल्याने तिचे काही बिघडत नाही, पण ओंडका हलवला की तिचे घर आणि अन्न दोन्ही जाते. ब्रिटनमध्ये हिच्याच भाईबंदांपैकी हेरिशियम एरिनेशियसला १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तरी जुनी झाडे आणि पडके लाकूड जागेवर राहिले नाही तर तेवढ्याने भागत नाही. आपण मानकऱ्यांना आणि देवस्थान समितीला दुरुस्तीसाठी दुसरे लाकूड घेण्याची विनंती करावी. देवराईतले लाकूड तोडायचे नाही हा दंडक आपल्याकडे आहेच, तो पडलेल्या झाडालाही लागू करावा एवढेच मागणे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते; तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडाचे नाव, जागा आणि दिनांक यांसह ही नोंद करून घ्यावी. आपल्याच तालुक्यात आंबोलीला हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या एका लहानशा माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाले, तेव्हा हा विषय ग्रामसभेत मांडताना तो दाखला जरूर द्यावा.