बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलास मोफत वकील कसा मिळेल?

प्रश्नकर्ता
नमस्कार. आईवडील गेल्यानंतर बाल कल्याण समितीच्या आदेशाने मला बालगृहात ठेवण्यात आले होते आणि 18 वर्षे पूर्ण झाल्यावर गेल्या वर्षी मी तेथून बाहेर पडलो. सध्या मित्राच्या खोलीवर राहून आयटीआय करीत आहे. गावी वडिलांच्या नावे दोन एकर जमीन होती. परवा सातबारा काढून पाहिला, तर त्यावर फक्त चुलत्यांचे नाव आहे. माझ्याकडे जन्मदाखलाही नाही. वकिलाची फी परवडणार नाही. कोणाकडे जावे?

अ‍ॅडव्होकेट, सातारा
आपल्या तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. तेथे साध्या कागदावर अर्ज द्यावा, किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार बालक आणि स्त्रिया यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपण आता कायद्याने बालक नाही, म्हणून आपली पात्रता उत्पन्नावर ठरेल, आणि महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक 3 लाख रुपये आहे. उत्पन्नाबाबत शपथपत्र पुरेसे मानता येते, असे कलम 13 सांगते. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्याअभावी कोणी परत पाठविल्यास हे कलम नम्रपणे दाखवावे.

जमिनीबाबत सर्वप्रथम तलाठ्याकडून त्या फेरफाराची, म्हणजे जमिनीवरील नाव बदलल्याच्या नोंदीची, नक्कल मिळवा. चुलत्यांचे नाव कोणत्या आधारावर लागले आणि वारस नोंदीत आपले नाव का आले नाही, हे त्यातूनच उलगडेल. फेरफाराने मालकी ठरत नाही, म्हणून धीर सोडू नका. नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो. मात्र आपण अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, असताना झालेल्या व्यवहारांना आव्हान देणाऱ्या काही दाव्यांना सज्ञान झाल्यापासून 3 वर्षांचीच मुदत असते, आणि त्यांतील एक वर्ष आपले संपले आहे.

पूर्वी बालगृहात राहिलेली एक ताई
भाऊ, वकिलाच्या जोडीला जिल्हा बाल संरक्षण कक्षातही जा. बाल न्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती 21 वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत मिळू शकते. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी दरमहा 4,000 रुपयांची मदत आहे. मला हे कोणी वेळेवर सांगितले नाही, कळले तेव्हा माझे वय उलटून गेले होते, आणि दरम्यान मी शिक्षण सोडले याचे दुःख आजही आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत अवश्य मागा, कारण अनाथ प्रमाणपत्रासाठी तोच मोठा आधार ठरतो, आणि शासकीय नोकरीतील व शिक्षणातील अनाथांचे 1 टक्का आरक्षण त्या प्रमाणपत्रावरच अवलंबून आहे.

विधी स्वयंसेवक
जन्मदाखल्यासाठी आधी जन्मगावच्या ग्रामपंचायतीत नोंद शोधून घ्यावी. नोंद सापडली नाही, तर तसा दाखला घेऊन विलंबित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याचा आदेश जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. तालुका समितीत अर्ज करतानाच सोबत स्वयंसेवक मिळावा अशी विनंती लिहा. तलाठी कार्यालयात एकट्या मुलाला ‘उद्या या’ असे ऐकावे लागते; सोबत कोणी असले की काम पुढे सरकते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. सोमवारी सुट्टी काढून समितीत अर्ज देतो. फेरफाराची नक्कल हाती आली की त्यातील मजकूर येथे लिहितो.