मदत हवी आहे : गणवेशाच्या पांढऱ्या भागावरची सावली मळकट दिसते
नेपोलियनच्या ‘ओल्ड गार्ड’मधील (निवडक, अनुभवी सैनिकांच्या दलातील) ग्रेनेडियरची, म्हणजे पायदळातल्या सैनिकाची, ५४ मिलिमीटरची प्रतिकृती मी सध्या रंगवत आहे : गडद निळा कोट, छातीवर पांढरे कापड व त्यावर फुलीसारख्या दोन पांढऱ्या पट्ट्या आणि अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी. एवढ्या लहान आकृतीवर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही, ती रंगानेच दाखवावी लागते. म्हणून आधी काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) देऊन मग वरून तिरका पांढरा फवारला. इथपर्यंत सारे ठीक झाले.

अडचण पांढऱ्या रंगाची आहे. छातीवरच्या फुलीच्या पट्ट्यांखाली राखाडी छटा दिली, की कापड सावलीत असल्यासारखे न वाटता मळलेले वाटते, आणि सर्वांत उजळ जागेसाठी वेगळे काही उरतच नाही. निळ्या बाहीवर ॲक्रिलिक इतक्या लवकर वाळते (पुण्यातला मे महिना!), की कोपराच्या चुणीपाशी दोन छटांमधली कड रेघेसारखी उठून दिसते. पॅलेट ओली ठेवतो, तरीही.

पांढऱ्याची मूळ छटा फिकट राखाडी धरावी की हस्तिदंती? कड विरवण्यासाठी पातळ थर चढवत जावे, की सावल्या सरळ तैलरंगात कराव्यात? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.