मदत हवी आहे: निवारागृहात योग शिकवायचाय, पण वर्गाला यायची सक्ती आहे. काय करू?

सुरंगी (सिंधुदुर्ग):

नमस्कार मंडळी. इथे समुपदेशन, नर्सिंग, महिला बालविकास अशा कामातले बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतेय. लांबलंय थोडं, पण पूर्ण वाचा प्लीज.

मी योगशिक्षिका आहे, गावातल्या बायकांचे आणि शाळेतल्या मुलांचे वर्ग घेते. आता जिल्ह्यातल्याच एका निवारागृहात संध्याकाळचा वर्ग घ्यायचं ठरलंय. गावाचं, संस्थेचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण तिथल्या काही जणींना शोधत घरची माणसं अजून फिरतायत. मार खाऊन निघालेल्या आहेत, दारूचे उपचार पूर्ण झालेत पण घरी परत घेत नाहीत अशा आहेत, एकदोघी गरोदर आहेत, काही काजूच्या फॅक्टरीत काम केलेल्या, एक नेपाळी बोलणारी आहे जिला मराठी जेमतेम कळतं.

वर्ग कसा घ्यायचा याचं मी बरंच वाचलंय. अमेरिकेत बेसल व्हॅन डर कोल्क या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या टीमने 2014 साली एक अभ्यास छापला होता, वर्षानुवर्षं उपचार घेऊनही मनावरच्या आघाताचा त्रास (पीटीएसडी) न गेलेल्या 64 बायका, त्यातल्या निम्म्यांना 10 आठवडे आठवड्यातून एक तास योग आणि बाकीच्यांना तेवढाच वेळ आरोग्याच्या माहितीचा वर्ग. शेवटच्या तपासणीला असलेल्या योगवाल्या 31 पैकी 16 जणी आजाराच्या निकषात बसत नव्हत्या, दुसऱ्या गटात 29 पैकी 6. बाकीचे उपचार चालू ठेवून हे केलेलं होतं, म्हणजे योगाने सगळं बरं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्या पद्धतीत मला सगळ्यात पटलं ते हे की शिक्षिका हुकूम देत नाही, हात लावून आसन नीट करत नाही, प्रत्येक वेळी दोन पर्याय देते आणि त्यातला कुठला घ्यायचा ते बाई स्वतः ठरवते. हात वर न्यायचा की मांडीवरच राहू द्यायचा हे तिचं तिने ठरवायचं, आणि तो ठरवण्याचा सराव हाच खरा वर्ग. ज्या बाईच्या अंगावर आजवर सगळं दुसऱ्याच्या मर्जीने झालं तिला हे मिळणं किती मोठं आहे!

आणि इथेच अडलंय. अधीक्षिका मॅडमनी सांगितलंय की संध्याकाळी साडेपाचला सगळ्यांनी हॉलमध्ये यायचंच, रजिस्टरवर सही करायची, न येणाऱ्या बाईला कारण लिहून द्यावं लागेल. शिवाय 21 जूनला योग दिनाचे फोटो वर पाठवायचेत. मॅडम वाईट नाहीत हो, रात्री दोनला पोलिसांनी आणून सोडलेल्या बाईसाठी स्वतः उठून चहा टाकणारी बाई आहे ती. पण आत शिरतानाच "यायलाच पाहिजे" असेल तर मी आतमध्ये "तुमचं तुम्ही ठरवा" कुठल्या तोंडाने सांगू?

तर सांगा, मॅडमशी हे कसं बोलायचं की त्यांना त्यांच्या कारभारात ढवळाढवळ वाटणार नाही? आणि दुसरं, ज्यांना गोळ्या चालू आहेत (काही जणींची औषधं रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून येतात) त्यांच्या बाबतीत काय सांभाळू? शवासन ठेवू की नको? कोणी मध्येच रडायला लागलं तर? अनुभव असेल ते सगळं लिहा, छोटं वाटलं तरी.

तिरफळ:

सुरंगीताई, मी समुपदेशक आहे, अशा संस्थांमध्ये काम केलंय. आधी मॅडमच्या बाजूने बघा. एखादी बाई निघून गेली किंवा जिवाचं काही करून घेतलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं, तपासणीला माणूस आला की पहिल्यांदा रजिस्टरच मागतो. त्यामुळे "सक्ती चुकीची आहे" असं म्हणत गेलात तर बोलणं तिथेच संपेल. त्याऐवजी विचारा की या वेळेला बाई कुठे आहे हे कळलं म्हणजे तुमचं काम होतं ना? मग त्याच वेळेत दोन जागा ठेवा, हॉलमध्ये योग आणि शेजारी व्हरांड्यात निवडणं-टिपणं, विणकाम, वाचन, नुसतं बसणं, काहीही. सही दोन्हीकडची धरायची. मॅडमची हजेरी पूर्ण होते आणि बाईला खरोखरची निवड मिळते. व्हरांड्यातल्या बायकांकडून कारण लिहून घ्यायचं नाही एवढं मात्र पक्कं करून घ्या, नाहीतर कागदावर निवड आणि प्रत्यक्षात शिक्षा असं होतं.

फोटोंबाबत मात्र मऊ राहू नका. लैंगिक अत्याचाराच्या केसमधल्या बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि तिथे कोणाची कुठली केस आहे हे तुम्हाला माहीत नसणार, माहीत असायचं कारणही नाही. पाठमोरा फोटोसुद्धा नको, साडी, वेणी, मागची भिंत यावरून नवरा ओळखतो. रिकाम्या हॉलचा फोटो, मांडलेल्या सतरंज्या आणि तारीख, एवढं पाठवा. मॅडमना हे कलम शांतपणे सांगा, त्यांनाच ते वर दाखवायला उपयोगी पडेल.

रडणं: थांबवू नका आणि विचारपूसही करू नका. "काय झालं, कोणाची आठवण आली" हे चारचौघींत विचारणं म्हणजे तिची गोष्ट तिच्याकडून ओढून काढणं. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा, वर्ग हळू चालू राहू दे, बाहेर जायचं तर दार उघडं आहे हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा. नंतर तिला हवं असेल तर संस्थेच्या समुपदेशकाकडे. रात्री-बेरात्री बोलायला टेली-मानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात, हॉलमध्ये मोठ्या अक्षरात लिहून लावा. महिला हेल्पलाइन 181 पण.

खाडीकाठ:

नर्स आहे, औषधांचं मी सांगते. मनाच्या आजाराच्या बऱ्याच गोळ्यांनी बसल्याचं उभं राहताना बीपी एकदम खाली येतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते, त्यामुळे खाली वाकून झटकन वर येणं टाळा. उठताना आधी बसायचं, थोडं थांबायचं, भिंत किंवा खुर्ची धरून उभं राहायचं. झोप येते, तोंड कोरडं पडतं, हात कापतात, त्याला आळशीपणा समजू नये कोणी (तुम्ही समजणार नाही, पण शेजारची बाई बोलून दाखवते). दारू सोडून चारच दिवस झालेली बाई, हातपाय थरथरतायत, घाम फुटलाय, भास होतायत, ती योगाची नाही दवाखान्याची केस आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्या, त्यात फिटसुद्धा येऊ शकते.

कपालभाती आणि भस्त्रिका या वर्गात नकोच असं माझं स्पष्ट मत. गरोदर, बीपीवाली, हर्नियावाली, नुकतं सिझेरियन झालेली यांना तर वर्ज्यच आहे, पण बाकीच्यांनाही जोरात श्वास घेतल्यावर छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरण्याचा झटका येतो तेव्हा अगदी असंच होतं, त्यामुळे बाईला वाटतं परत तेच सुरू झालं. श्वास कोंडून धरणंही नको. श्वास सोडताना थोडा लांबवायचा एवढंच पुरे, त्याने नाडीचा वेग उतरतो. भ्रामरी चालेल, पण कानात बोटं न घालता आणि डोळे उघडे ठेवून.

अजून एक जे पुस्तकात नसतं. काजू फोडणाऱ्या बायकांचे तळवे टरफलातल्या तेलाने भाजलेले, सोललेले असतात. मार्जारासनात तळव्यावर भार आला की झोंबतं आणि त्या सांगत नाहीत. खुर्चीवर बसून, हात मांडीवर ठेवून पाठ गोल-सरळ करायला द्या, तेच काम होतं. बाजारात मासे विकायला बसणाऱ्या असतील तर गुडघे आणि कंबर गेलेली असते, त्यांना पण खुर्चीच.

नाव नको:

मी अशा ठिकाणी राहून आलेय. कुठे ते विचारू नका.

आमच्याकडे पण योगाच्या बाई यायच्या. मागून चालत यायच्या आणि खांद्याला हात लावायच्या, त्या चांगल्या मनानेच करायच्या पण माझा श्वास तिथेच अडकायचा आणि मग सगळा तास त्या कुठे आहेत याकडेच लक्ष. तुम्ही एका जागी उभ्या रहा, सगळ्यांना दिसाल अशा. दाराकडे पाठ करून कोणाला बसवू नका, ज्यांना भिंतीला टेकायचंय त्यांना भिंत घेऊ दे. शवासनाला लाईट घालवू नका हो. मला उताणं झोपून डोळे मिटणं कधीच जमलं नाही, कुशीवर झोपले तर थोडं बरं वाटायचं. पाय फाकवून करायची आसनं तर नकोच, मालासन वगैरे, कपडे पण धड नसतात, दिलेला मॅक्सी असतो अंगावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेपाच म्हणजे साडेपाच आणि सुटायची वेळ म्हणजे सुटायचीच. तिथे कोर्टाची तारीख पुढे जाते, भाऊ येतो म्हणतो येत नाही, काहीच ठरल्यासारखं होत नाही. जी गोष्ट सांगितल्याप्रमाणे होते तिच्यावर मन टेकतं. आमच्या बाई एक दिवस यायच्या बंद झाल्या, कोणी काही सांगितलंच नाही. बंद करायचं झालं तर आधी सांगा, निरोप घ्या, न सांगता जाऊ नका.

सुरंगी (सिंधुदुर्ग):

तुम्हा तिघींचे आभार कसे मानू कळत नाही. नाव नको, तुमचं लिहिणं मी वहीत उतरवून घेतलंय आणि वेळेचं तुमचं म्हणणं शब्दशः पाळणार आहे, पावसात एसटी रखडते म्हणून आधीची गाडी धरीन, आणि दिवाळीपर्यंतच येणं नक्की आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगीन, पुढचं ठरलं की तेही.

मॅडमशी बोलले. व्हरांड्याची कल्पना त्यांना लगेच पटली, उलट म्हणाल्या की तांदूळ निवडायला तशाही बायका लागतातच. कारण लिहून घेणं बंद करायला तयार झाल्या. फोटोंवर अजून अडलंय, वरून मागतात म्हणतात, तिरफळताई तुम्ही सांगितलेलं कलम कागदावर लिहून देऊन आलेय आणि रिकाम्या हॉलचंही सुचवलंय, पण बायकांचे फोटो काढायचे ठरले तर 21 तारखेचा वर्ग मी घेणार नाही हेही सांगितलंय. कपालभाती वर्गातून काढली, हॉलमध्ये पाच-सहा खुर्च्या मागितल्यात.

आता दोन गोष्टी राहिल्या. कोणाला नेपाळी येत असेल तर "हवं तर करा", "नको असेल तर बसून रहा", "दार उघडं आहे" एवढी वाक्यं देवनागरीत लिहून द्याल का, आणि उच्चार ऐकवता आला तर उत्तमच. आणि सतरंज्यांचं काय करता हो पावसाळ्यात? इथे चार महिने काही वाळत नाही, कुबट वास येतो, फोमच्या चटयांना बुरशी धरते आणि ओल्या लादीवर त्या सरकतात पण. स्वस्तात आणि धुऊन लगेच वाळेल असं काय वापरता ते सांगा, पुढच्या आठवड्यात सामान घ्यायला कुडाळला जायचंय.