पुरुषांचे केस मुळातच कमी वाढतात का?

काही जण म्हणतात की पुरुषांचे केस निसर्गतःच खांद्याखाली जात नाहीत, ते अजिबात पटलं नाही. केस न कापणारे शीख पुरुष बघा, पगडी सोडली की कित्येकांचे केस कमरेपर्यंत येतात. डोक्यावरचा केस बाईचा असो की पुरुषाचा, महिन्याला साधारण 1 सेंमीच वाढतो, खरा फरक पडतो तो एकेक केस गळायच्या आधी किती वर्षं वाढत राहतो त्याने, कुणाचा 2 वर्षं तर कुणाचा 6, आणि हे बरंचसं आनुवंशिक असतं. हार्मोन्सचा भाग आहेच, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं तेव्हा गळणं कमी होतं आणि डिलिव्हरीनंतर 2-4 महिन्यांनी ते राहिलेले केस एकदम झडतात, रोज कंगव्यात मूठभर गुंतवळ बघून माझी बहीण पार रडकुंडीला आली होती, पण वर्षभरात केस परत आले. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हार्मोन दाढी दाट करतं आणि आनुवंशिकता असेल तर तेच टाळूवरचे केस बारीक करत नेतं. आणि ज्या मुलींचे केस पाठीपर्यंत येऊन थांबतात त्यांना तेल बदलून बघ सांगणं बंद करा प्लीज, तेलाने केस तुटायचे कमी होतील, वाढीचा काळ नाही वाढत.