'ग्लिफ'ला मराठीत काय म्हणावे?

काना-मात्रा: एका अक्षरजुळणी सॉफ्टवेअरच्या मदतपानांचे मराठी करतेय. आधीच्या अनुवादकाने 'कॅरॅक्टर' (मजकुरातलं मूळ अक्षर) आणि 'ग्लिफ' (फाँटात त्याचा दिसणारा आकार) दोन्हींना 'अक्षर'च केलंय. परिणामी 'अक्षराचे नाव अक्षराशी जुळत नसल्यास' असं वाक्य झालंय! 'वर्ण' आणि 'आकृती' चालेल?

रफार: 'वर्ण' घ्या. 'आकृती' नको, लोक चित्र शोधत बसतील. छापखान्यात यासाठी फर्मास शब्द होता, खिळा, म्हणजे एकेका आकाराचा धातूचा ठसा. 'र' हा वर्ण एकच, पण 'गर्व', 'क्रम', 'ट्रक', 'तऱ्हा' यांत त्याची रूपं चार. एन्कोडिंग म्हणजे कुठला खिळा कुठल्या खणात, एवढंच. जुन्या कृतीदेव फाँटमध्ये इंग्रजी लहान 'डी'च्या खणात 'क' ठेवलेला, मोठ्या 'डी'च्या खणात अर्धा 'क्'. फाँट बदलला की मजकुराची खिचडी.

अर्धचंद्र: खिळा आवडला, पण खिळ्याला नाव नसायचं. ग्लिफला असतं, आणि सगळी कटकट तिथेच आहे. आपला साधा 'क' घ्या. अ‍ॅडोबीच्या ग्लिफनामांच्या यादीत तो 'कदेवा', एखाद्या फाँटात 'क-देवा', तिसऱ्यात 'युनि०९१५' (०९१५ हा 'क'चा युनिकोडमधला संकेतांक, म्हणजे ठरलेला क्रमांक). 'क्ष'ला तर स्वतःचा संकेतांकच नाही. म्हणून त्याचं नाव 'युनि०९१५०९४डी०९३७' असं ठेवतात: क, हलन्त आणि ष यांचे संकेतांक एकापुढे एक. ही रीत ठाऊक असलेलं सॉफ्टवेअर नुसत्या नावावरून मजकूर परत मिळवतं. पण कुणी 'ग्लिफ२१४' असं नाव ठेवलं आणि पीडीएफमध्ये कुठला ग्लिफ म्हणजे कुठला वर्ण याचा वेगळा तक्ताही नसला, तर कॉपी केल्यावर काय हाती लागेल ते नशीब. मी पर्यायी नावांची एक फाइल बाळगतो, डावीकडे फाँटातलं नाव, उजवीकडे संकेतांक. नुसत्या अ‍ॅडोबीच्या यादीवर विसंबू नका. तिच्यात 'ओमेगा' हे नाव ग्रीक अक्षराकडे न जाता २१२६ या ओहमच्या चिन्हाकडे जातं!

रफार: उलटंही होतं, रूप एकच पण संकेतांक वेगळे. 'तऱ्हा'तला तो ऱ 'ऱ + हलन्त' असा टंकता येतो, किंवा 'र + हलन्त + अदृश्य जोडक' असा. दिसायला सारखाच. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही.

काना-मात्रा: मग 'खिळा' कंसातही नको, वाचक लोखंडाच्या दुकानात जाईल. 'ग्लिफनामावरून वर्ण ओळखता न आल्यास' असं करते. आता एकच सांगा, तो ग्लिफ की ते ग्लिफ?

अर्धचंद्र: तो. फाँट तो, खिळा तो.

रफार: मी 'ते'च म्हणत आलोय. चिन्ह ते, म्हणून.